पन्हळ मोकळी, तर घर कोरडे

मंडळी, आपल्या भागात अजून माळवदाची घरे आहेत. लाकडावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. ते उन्हाळ्यात गार असते. पण माती पाणी पिते. म्हणून पाणी वर साचू देऊ नये. ते पन्हळीतून लगेच बाहेर पडावे.

पन्हळ कशाने तुंबते? लिंबाचा पाला, वाहून आलेली माती, चिमणीचे घरटे यांनी.

मी लहान असताना आमची पन्हळ तुंबली. वडील म्हणाले, "उद्या बघू." रात्री झड लागली. पहाटे मागची भिंत बसली. तिथे बांधलेली शेळी गेली. आईने गळती पाहून आम्हाला ओसरीत निजवले होते, म्हणून आम्ही वाचलो.

बर्फ पडतो त्या देशांत पन्हळीत पाणी अडून गोठते. लोक हिवाळ्याआधी पाला काढतात. आपण मृगाआधी काढावा.

काय करावे?

१. माळवद झाडा. गवत मुळासकट उपटा. उंदरांची बिळे बुजवा.

२. पन्हळीत काठी घालून घाण काढा.

३. वरून घागरभर पाणी ओता. धार भिंतीपासून दूर पडते का, ते पाहा. पडत नसेल तर पन्हळ पुढे काढा. धार पडते तिथे सपाट दगड ठेवा, म्हणजे पाया उकरत नाही.

४. माळवदावर माती घालायची, तर आधी जुनी खरवडा. मातीवर माती चढली की भार वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर आली. हे विसरू नका.

भर पावसात पन्हळ तुंबली तर? ओल्या माळवदावर चढू नका. खाली बाजूला उभे राहून लांब वेळूने घाण काढा. पण भिंत फुगली असेल, माती पडत असेल, दार अडकत असेल, तर भिंतीजवळ जाऊच नका. सामान आवरत बसू नका. लेकरे, म्हातारी माणसे, जनावरे बाहेर काढा. रात्र शेजाऱ्याकडे काढा. भिंत पुन्हा बांधता येते.

वाचा आणि सांगा :
पन्हळ कधी साफ करावी?
जुनी माती का खरवडावी?
तुमच्या घराची पन्हळ आज मोकळी आहे का? पाहून या.