बावन्न आठवड्यांचे गुण

चि. भाचीस,


अकरावीला प्रवेश न घेता पूर्णवेळ टेनिस खेळायचा तुझा विचार कळला. टेनिस सोड, असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की या खेळात लवकर पोहोचण्यापेक्षा टिकणं अवघड आहे आणि शिक्षण हे टिकण्याचंच साधन आहे. साधा हिशेब बघ. जागतिक क्रमवारीत एका स्पर्धेचे गुण 52 आठवडेच धरतात. वर्षभरात तेवढे पुन्हा कमावले नाहीत, तर नाव खाली घसरतं. सुरुवातीच्या स्पर्धांचं बक्षीस एकूण 15,000 डॉलर, तेही सगळ्यांत वाटलं जाणार. पहिल्या फेरीत हरणारीचं विमानभाडंही त्यातून सुटत नाही. म्हणजे गुणांसाठी फिरायचं आणि फिरण्यासाठी पैसे उभे करायचे. अशा चक्रात हात थकण्याआधी खिसा थकतो.

तू शारापोव्हाचं नाव घेशील. सातव्या वर्षी ती रशियातून फ्लोरिडाला गेली आणि 2004 मध्ये, सतराव्या वर्षी, विम्बल्डन जिंकली. खरं आहे. पण त्याच देशाचा अस्लान कारात्सेव 2021 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 114 व्या क्रमांकावरून, पात्रता फेऱ्या खेळून आला आणि ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतल्या पदार्पणातच थेट उपांत्य फेरीत गेला. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. तोही अपवादच, म्हणशील. मान्य. पण सतराव्या वर्षी दार बंद होत नाही, हे दाखवायला एक अपवाद पुरतो.

आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले तर अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, त्यांच्या संघातून खेळली आणि मग व्यावसायिक टेनिसकडे वळली. 30 सप्टेंबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा हरले. दुसरा 6-3 घेतला. तिथे तिसरा पूर्ण सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो. तो त्यांनी 10-4 जिंकला. ऋतुजाही तेव्हा 27 वर्षांचीच होती. कॉलेजची वर्षं तिच्या आड आली नाहीत.

अमेरिका परवडायची कशी, हा प्रश्न रास्तच. खेळाची शिष्यवृत्ती मिळाली, तर कोर्ट, प्रशिक्षक, सामन्यांचा प्रवास विद्यापीठ बघतं. पण अर्जाला बारावीची मार्कशीट लागते, आणि तिच्यावरचे गुण 52 आठवड्यांनी गळत नाहीत. वेळेची अडचण मात्र खरी आहे. म्हणून नामांकित कॉलेजच्या हट्टापायी ठाण्या-मुंबईच्या लोकलमध्ये रोज दोन-तीन तास लटकू नकोस. घराजवळचं, डोंबिवलीतलं किंवा कल्याणचं कॉलेज घे आणि वाचलेले तास कोर्टवर घाल. संध्याकाळचा क्लास नको असेल, तर तुझ्या आईची समजूत मी काढतो. फॉर्म तेवढा मुदतीत भर.

तुझा मामा,
ठाणे