स्पर्धा, गरज आणि कॅमेरा

सहनशक्तीची स्पर्धा हा माहितीपटासाठी वरकरणी सोपा विषय वाटतो. तिला आरंभ असतो, शेवट असतो आणि विजेताही ठरतो. तथापि स्पर्धक अखेरपर्यंत का टिकून राहतो, या प्रश्नाचे उत्तर मैदानावर क्वचितच सापडते. ते शोधण्याच्या दोन निराळ्या पद्धती पुढील दोन चित्रपटांत आढळतात.

पहिला म्हणजे एस. आर. बिंडलर यांचा ‘हँड्स ऑन अ हार्ड बॉडी’ (१९९७) हा अमेरिकी माहितीपट. टेक्सास राज्यातील लाँगव्ह्यू या गावी एका मोटारविक्रेत्याने १९९५ साली भरवलेल्या स्पर्धेचे त्यात चित्रण आहे. नव्या पिक-अप मोटारीला हात लावून उभे राहावयाचे. हात सुटला की स्पर्धक बाद. शेवटी जो उरेल, मोटार त्याची. दर तासाला पाच मिनिटांची आणि दर सहा तासांनी पंधरा मिनिटांची विश्रांती मिळे. ही स्पर्धा तीन दिवसांहून अधिक काळ चालली. झोपेअभावी होणारी मनाची ओढाताण आणि प्रतिस्पर्ध्यांमध्ये जुळत जाणारा स्नेह कॅमेऱ्याने प्रत्यक्ष टिपला. येथे कॅमेरा घटनेचा साक्षीदार आहे.

दुसरे उदाहरण बारामतीचे. साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या लता भगवान करे २०१३ साली तेथील ज्येष्ठ नागरिकांच्या शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. आजारी पतीच्या तपासणीसाठी त्यांना पैसे हवे होते. या घटनेवरील नवीन देशबोइना दिग्दर्शित मराठी चित्रपट २०२० साली प्रदर्शित झाला. त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली. २०२१ साली जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख करण्यात आला.

काटेकोर अर्थाने हा माहितीपट नव्हे, कारण त्यातील प्रसंग नंतर रचलेले आहेत. परंतु चालण्याची ढब, कष्टाची सवय असलेले हात आणि बोलण्यातील संकोच यांची रचना करता येत नाही. जेथे कॅमेरा वेळेवर पोहोचला नाही, तेथे व्यक्तीचे शरीरच पुरावा बनते.

दोन्ही स्पर्धांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. लाँगव्ह्यूमध्ये सहनशक्तीची कसोटी स्पर्धेतच लागते. बारामतीची शर्यत काही मिनिटांत संपते; खरी कसोटी तिच्या आधी, शेतावर आणि दवाखान्याच्या दारात लागलेली असते. म्हणून अशा चित्रपटाचे मोल केवळ अंतिम रेषेवरील जल्लोषावरून ठरवू नये. विजेतीचे कौतुक करताना, एका तपासणीसाठी वृद्ध स्त्रीला धावावे का लागले, हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडू न देणे, ही दिग्दर्शकाची आणि प्रेक्षकाचीही जबाबदारी आहे.