कोरियातील बेकजंग आणि आपण



लातूर-नांदेडकडची आपली मुले आयटीआय करून पुण्याकडे कामाला जातात. रांजणगाव, तळेगाव या भागात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात आहे. सुट्टीत गावी आला तेव्हा तो म्हणाला, "सर, कोरियन साहेब जात इचारीत नाही, वय इचारतो. खोलीचा मालक मात्र आडनाव इचारल्याबिगर कुलूप उघडीत नाही." त्याने मालकाला आडनाव खोटे सांगितले होते. मग खाली मान घालून त्याने विचारले, "सर, कोरियात जात नाहीच का?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

साहेब वय का विचारतो, हे आधी पाहू. कोरियन भाषेत थोरांशी बोलण्याची क्रियापदे वेगळी आणि बरोबरीच्यांशी, धाकट्यांशी बोलण्याची वेगळी. समोरचा थोर की धाकटा हे कळल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. पण याच भाषेने एकेकाळी काही माणसांना लहान पोरापुढेही 'अहो-जाहो' करायला लावले होते. ती माणसे म्हणजे बेकजंग.

राजाने दिलेले नाव

बेकजंग जनावरे कापीत, कातडी कमावीत, वेताच्या टोपल्या विणीत. त्यांची वस्ती वेगळी असे. घरावर कौले घालायची नाहीत, रेशीम नेसायचे नाही, मोठ्या माणसाची काळी टोपी घालायची नाही. लग्नात घोडा किंवा पालखी नाही आणि मेल्यावर तिरडीचा मान नाही. नावात 'करुणा', 'न्याय' अशा अर्थाची अक्षरेसुद्धा घ्यायची नाहीत. वाचकहो, हे वाचताना आपले गाव डोळ्यांसमोर येत नाही काय?

'बेकजंग' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधी रयत असा होता. 1423 साली राजा सेजोंगच्या कारकिर्दीत या लोकांना रयतेत मिसळून घेण्यासाठी हे नाव देण्यात आले. लोकांनी काय केले? त्यांना 'नवे बेकजंग' म्हणू लागले. पुढे मूळच्या रयतेने ते नावच टाकून दिले आणि चांगला शब्द शिवी होऊन बसला. वरून कोणी दयेने नाव दिले म्हणजे माणसाचा दर्जा बदलत नाही. 'हरिजन' या शब्दाचा अनुभव आपल्याला आहेच.

बौद्ध देशात हे कसे घडले?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. कोरियात बुद्धाचा धम्म चौथ्या शतकात पोहोचला. 918 ते 1392 या गोर्यो राजवटीत तो राजाश्रयाचा धर्म होता. तरीही कापणारा माणूस नीच ठरला. प्राणिहिंसेच्या निषेधाचा आधार घेऊन समाजाने खाटकाला दूर लोटले, पण मांस खाणारा शुद्धच राहिला. शील हे स्वतःला घडवण्यासाठी असते. ते दुसऱ्याला मोजण्याची काठी झाले की धम्म नावापुरता उरतो. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, ही भगवंतांची शिकवण तेथे विहाराच्या दारातच अडली. पुढे जोसन राजवटीत कन्फ्यूशियसच्या मताचा जोर झाला आणि खुद्द भिक्खूंचीच गणना हीनांत होऊ लागली.

कायदा आला, ठिपका राहिला

1894 च्या सुधारणांनी जन्माचे दर्जे कायद्याने रद्द झाले. पुढच्याच वर्षी सोलमध्ये पाक संग-चुन या बेकजंगाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूर नावाच्या मिशनऱ्याच्या विनंतीवरून दरबारी डॉक्टर एव्हिसन याने त्याच्या आजारात घरी येऊन उपचार केले होते. पण हा माणूस प्रार्थनेला शेजारी बसू लागताच उच्चकुलीन मंडळी चर्च सोडून गेली. मूर मागे हटला नाही. 1898 साली हाच पाक सोलच्या जाहीर सभेत भाषणाला उभा राहिला. त्याचा मुलगा पाक सो-यांग याने पाश्चात्त्य वैद्यक शिकून 1908 साली पदवी घेतली. शिक्षणाने एका पिढीत काय होते ते पाहा!

परंतु एक डॉक्टर झाला म्हणून वस्ती सुटत नाही. जपानी अमलातील नोंदवहीत बेकजंगाच्या नावापुढे खाटीक अशी नोंद किंवा लाल ठिपका असे. जांग जी-पिल जपानमध्ये शिकून आला, पण नोकरीसाठी कागद काढताच जात उघडी पडली. ई हाक-चान पैसेवाला होता, तरी त्याच्या मुलाला शाळेत घेईनात.

तराजूची दांडी

एप्रिल 1923 मध्ये जिंजू गावी या लोकांनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव ह्यंगप्यंगसा. ज्या तराजूने खाटीक मांस तोलतो त्याची दांडी समपातळीत आणणारी सभा, असा त्याचा अर्थ. कांग सांग-हो हा उच्चकुलीन गृहस्थ त्यांच्याबरोबर उभा राहिला, तेव्हा लोक त्यालाही 'नवा बेकजंग' म्हणू लागले. विरोधकांनी मांसावर बहिष्कार घातला आणि हल्ले केले. 1925 साली येचन गावी मोठा हिंसाचार झाला.

आपल्याकडे 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. हजारो कोसांवरची माणसे त्याच काळात त्याच निर्णयाला आली होती. माणुसकी मागून मिळत नाही, तिच्यासाठी संघटित व्हावे लागते. आणि नाव आपण घेतले की मारही येतो. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली, नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांना प्राण द्यावे लागले. ते नाव विद्यापीठाला 14 जानेवारी 1994 रोजी लागले.

आज काय?

आज कोरियात बेकजंग कोण, हे कोणी ओळखू शकत नाही. 1950 ते 1953 च्या युद्धात गावेच्या गावे उठली, माणसे शहरांत मिसळली. लग्ने होताना जुनी नोंद शोधणारे कोणी राहिले नाही. आडनावावरून काही कळत नव्हतेच. आपण पुण्याला गेलो तरी आडनाव आपल्याआधी पोहोचते आणि लग्न तर जातीतच ठरते. म्हणून आपली जात युद्धाने किंवा शहराने जाणार नाही. ती शाळेत, विहारात आणि सोयरिकीत मोडावी लागेल.

त्या विसरण्यात एक तोटाही झाला. बेकजंगांची नातवंडे आपल्या आजोबांचे नाव घ्यायला कचरली आणि लढ्याची आठवण पुसत चालली. जिंजू येथे स्मारक उभे राहायला 1996 साल उजाडले.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता सांगतो: बाळा, खोटे आडनाव सांगून खोली मिळेल, पण रोज रात्री तू त्या खोलीत चोरासारखा निजशील. जात लपवणे वेगळे आणि जात सोडणे वेगळे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्या आईबापांनी जात लपवली नाही, सर्वांदेखत सोडली. राजाने दिलेले नाव शिवी झाले. आपण आपल्या हाताने घेतलेले नाव शिवी होऊ द्यायचे की नाही, हे आपल्या वागण्यावर आहे.

विहारातील अभ्यासवर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा करावी:

1. दुसऱ्याने दिलेले नाव आणि स्वतः घेतलेले नाव यांत फरक कोणता?
2. पहिल्या शीलाचा उपयोग कोणाला हीन ठरवण्यासाठी झाला, तर दोष कोणाचा?
3. आपल्या घरातील पुढची सोयरीक ठरवताना आपण पोटजात विचारणार काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विहारात नको, घरी द्यावे.

जयभीम!