तार तुटली, पण प्रवाह तुटला काय?

बारामती-इंदापूर भागांत विहिरींतून आणि नीरा-भीमेच्या पात्रांतून पाणी उपसणारे विजेचे पंप शिवारोशिवार आहेत. एखादे दिवशीं डी. पी. च्या पेटींतून फट्‌कन् आवाज येतो, ठिणग्या उडतात, आणि "फ्यूज उडाला" असें आपण म्हणतों. विद्यार्थिमित्रांनो, तार तुटणें व प्रवाह तुटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी केव्हां घडेल, हें तारेइतकेंच तिच्या भोंवतालच्या पदार्थावर अवलंबून असतें.

तांबें सुमारें १०८५ अंश सेंटिग्रेडला वितळतें. प्रवाह फारच मोठा असला तर तार वितळून थांबत नाहीं. तिची क्षणार्धांत वाफ होऊन स्फोट होतो. एडवर्ड नेर्न या इंग्रज उपकरणकारानें १७७४ मध्येंच असा प्रयोग वर्णिला आहे. हवेंत ही वाफ झपाट्यानें पसरून विरळ होते, आणि विरळ वाफेंत विजेची ज्योत सहज पेटते. तार नाहींशी झाली तरी प्रवाह त्या ज्योतींतून वाहतच राहतो. पाणी जड व सहसा न दबणारें असल्यामुळें वाफेस लवकर पसरूं देत नाहीं. ती दाट वाफ प्रवाहास मोठा विरोध करते. निर्वात जागेंत मात्र तारेच्या पृष्ठावरूनच ज्योत धांवते, व आंतील धातु पुरता तापण्यापूर्वींच प्रवाह बाहेरून निसटतो!

मला स्वतःला वाळूची युक्ति सर्वांत आवडते. कारखान्यांतील नळकांड्याच्या फ्यूजांत गारेची कोरडी वाळू ठासून भरलेली असते. वाफ कणांच्या फटींत शिरून निवते. तिच्या उष्णतेनें वाळू वितळते, व तारेच्या जागीं कांचेसारखी कांडी उरते. निवाल्यावर ती प्रवाह जाऊं देत नाहीं. कण फार बारीक असले तर वाफेस वाट मिळत नाहीं, फार जाड असले तर ती नीट निवत नाहीं.

प्रयोगशाळेंत तर असा फ्यूज मुद्दाम उडवितात. कपॅसिटरमध्यें सांठविलेली वीज वेटोळ्यांतून सोडून फ्यूजनें ती सेकंदाच्या कांहीं लक्षांशांत अडविली, कीं वेटोळ्याच्या टोंकांत प्रचंड विद्युत्-दाब उत्पन्न होतो. तो क्ष-किरणांच्या यंत्राकडे वळवितां येतो. ज्योत पुन्हां लवकर पेटली तर सारा खटाटोप व्यर्थ. म्हणून तेथें भोंवतीं काय ठेवावें याचा बारकाईनें विचार होतो.

डी. पी. च्या उघड्या पेटींत मात्र हवाच असते. तेथें कोणी जाड तांब्याची तार अडकविली तर ती उडण्यास अधिक प्रवाह लागतो, आणि तोंवर मोटरीचें वाइंडिंग जळून जातें. शेवटीं ती उडते तेव्हां वाफ व ज्योत दोन्ही मोठीं असतात, आणि वितळल्या तांब्याचे थेंब पेटीसमोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांकडेच येतात.