स्टॅग लेनचें मैदान

लंडन शहराच्या वायव्येस एजवेअर नांवाचें उपनगर आहे. तेथील एका भागांत विटांचीं घरें आणि त्यांपुढील लहान लहान बागा यांवांचून आज कांहीं विशेष दिसत नाहीं. परंतु तेथील एका रस्त्याचें नांव डी हॅविलंड रोड असें आहे, आणि तें उगीच पडलेलें नाहीं. १९३४ सालापर्यंत या जागेवर स्टॅग लेन हें विमानांचें खाजगी मैदान होतें.

पहिल्या महायुद्धांत वैमानिकांच्या शिक्षणाकरितां एका कंपनीनें ही जमीन घेतली. पुढें १९२० सालीं जेफ्री डी हॅविलंड यांनीं आपली विमानें बांधणारी कंपनी काढून येथें बस्तान बसविलें. भांडवल बेताचेंच होतें. जमीन विकत घेण्याची वेळ आली तेव्हां विमान करवून घेण्यासाठीं आलेले गिऱ्हाईक ॲलन बटलर यांनींच पैसा पुरविला. असा गिऱ्हाईक सर्वांसच भेटत नाहीं!

२२ फेब्रुवारी १९२५ रोजीं येथून 'मॉथ' म्हणजे पतंग या नांवाच्या विमानानें प्रथम उड्डाण केलें. त्यांत दोन माणसें बसत. पतंगाप्रमाणें त्याचे पंख मागें मिटतां येत, त्यामुळें तें ठेवावयास जागाही थोडी लागे. त्याच वर्षीं येथें लंडन एअरोप्लेन क्लब स्थापन झाला, आणि उडण्याची विद्या सैनिक व धनिक यांच्याबाहेर थोडीशी सरकली.

या क्लबांत १९२८ सालीं कुमारी ॲमी जॉन्सन शिकूं लागली. ती एका वकिलाच्या कचेरींत टाइपिस्टचें काम करी. नुसतें उडणें शिकून ती थांबली नाहीं. हातांना तेल लावून यंत्राची दुरुस्ती शिकली व तिचा परवानाही मिळविला. ५ मे १९३० रोजीं क्रॉयडनहून ती जुन्या 'जिप्सी मॉथ' विमानांतून एकटी निघाली. सहाव्या दिवशीं ती कराचीस पोंचली. पुढें इंधन संपत आल्यामुळें तिला झांशीस कवाइतीच्या मैदानावर उतरावें लागलें. २४ मे रोजीं तिनें ऑस्ट्रेलियांतील डार्विन गांठलें. एवढा प्रवास एकटीनें करणारी ती पहिलीच स्त्री होय.

आपल्याकडेही या मैदानाचें एक अपत्य आलें होतें. श्री. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें ज्या 'पस मॉथ' विमानांतून टपाल आणलें, तें याच कंपनीचें होतें.

मग असें नांवाजलेलें मैदान बंद कां पडलें? कंपनीचें दिवाळें निघालें म्हणून नव्हे. १९२४ सालीं भूमिगत रेल्वे एजवेअरपर्यंत आली आणि तिच्या मागोमाग घरें आलीं. शेतें होतीं तेथें धुराडीं उभीं राहिलीं. शिकाऊ वैमानिकास उतरावयाचें तर तीं चुकवून. जुहूच्या मैदानाभोंवतालच्या इमारती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही अडचण सांगावयास नको. इकडे जमिनीचा भाव वाढला, तिकडे मोठ्या विमानांस जागा अपुरी पडूं लागली. शेवटीं कंपनीनें हर्टफर्डशायरमधील हॅटफील्ड येथें जमीन घेतली व स्टॅग लेनचें मैदान घरें बांधणारांस विकलें. १९३४ च्या जुलैंत शेवटचें विमान स्वतः डी हॅविलंड यांनींच येथून उडवून नेलें. यंत्रांचा कारखाना मात्र पुढेंही कित्येक वर्षें येथेंच चालला.

ॲमीचें विमान लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें ठेविलेलें आहे. हॅटफील्डच्या मैदानावरील विमानांची ये-जा १९९४ सालीं थांबली. आतां तेथेंही घरें व विद्यापीठाच्या इमारती आहेत.