आनण्यसुख

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात ‘आनण्य सुत्त’ नावाचे एक लहानसे सुत्त आहे. त्यात तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची ४ सुखे सांगितली आहेत: न्यायाने मिळविलेले धन असणे, ते उपभोगणे व त्यातून पुण्यकर्म करणे, कोणाचेही ऋण नसणे आणि काया, वाचा, मनाने निर्दोष असणे. पहिल्या तिन्ही सुखांना चौथ्याच्या सोळाव्या भागाचीही सर येत नाही, असे तेथे म्हटले आहे. ऐकणारा श्रावस्तीचा धनाढ्य श्रेष्ठी होता, हे विशेष.

आपल्या घरांत तिसऱ्या सुखाचा, आनण्याचा, विचार अधिक व्हावा. लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता थकला, की पिठले-भाकरीही गोड लागत नाही. तो भार नसला, की सर्वांनी मिळून भुईमुगाच्या शेंगा फोडणे, नातवाने आजीला धडा वाचून दाखविणे, उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून गोधडी अंथरणे, एवढ्यातही घर रमते. (वसतिगृहातून सुटीत आलेल्या मुलाला तरी याहून वेगळे काय हवे असते?) मंडपाचा खर्च निम्मा करण्याची बोलणी मात्र लग्न ठरतानाच व्हावयास हवीत; पत्रिका छापल्यावर कोणी ऐकत नाही.