‘पोलीस कारवाई’ : एका शब्दाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला तेव्हा सरांनी फळ्यावर ‘पोलीस कारवाई, १९४८’ असे लिहिले. घरी येऊन मी ते आजीला सांगितले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला; त्यामुळे वर्गात काय शिकवले हे घरी रोज सांगावे लागते. आजीचे माहेर नळदुर्गजवळचे. लग्नानंतर ती कोल्हापुरास आली. आजोबा येथे गुळाच्या बाजारात हमाली करीत. ती हसली आणि म्हणाली, “पोलीस कुठलं रं? म्या डोळ्यांनी बघितलंय. पोलिसाकडं रणगाडं असत्यात व्हय?”

या प्रश्नाने मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसू लागलो. प्रस्तुत लेख त्या वाचनाचे फळ आहे. घटना सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यातील शब्दांविषयी लिहायचे आहे.

हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, वस्ती एक कोटी साठ लाखांच्या घरातली. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यातच होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील होण्यास नकार दिला आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी वर्षभरासाठी ‘जैसे थे’ करार झाला. (आमचे करवीर संस्थानही तेव्हा विलीन झालेले नव्हते, ते १ मार्च १९४९ रोजी झाले. पण येथे रणगाडे आले नाहीत.) नाव ‘जैसे थे’, पण जैसे थे काहीच राहिले नाही. हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले. इकडून संस्थानात जाणारा माल अडू लागला. हैदराबाद त्याला ‘नाकेबंदी’ म्हणे, दिल्लीला तो शब्द मान्य नव्हता. आणि कासीम रझवीच्या सशस्त्र टोळ्यांचे नाव काय, तर ‘रझाकार’, म्हणजे स्वयंसेवक! या स्वयंसेवकांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. कितीतरी कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे पळाली. आजीच्या वडिलांची कडब्याची गंज त्यांनीच पेटवली. तेव्हा जुलूम खोटा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही.

आता शस्त्रांचा मुद्दा घेऊ. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने हैदराबादला शस्त्रे आणीत असे. ही अफवा नव्हती. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याबद्दल त्याला दोनशे पौंड दंड केला. पण शस्त्रे नेमकी किती आली, त्यांतली चालण्याजोगी किती, हे मोजणारा तटस्थ माणूस कोणी नव्हता. मग मोजमाप भाषणांनी होऊ लागले. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा रझवीच्या नावावर आहे. येथे मला एक गोष्ट विलक्षण वाटते. धमकी देणाऱ्याला आपले बळ फुगवून सांगायचे असते आणि कारवाई करू पाहणाऱ्यालाही शत्रूचे बळ फुगवूनच सांगायचे असते. दोन वैऱ्यांचे एकाच आकड्यावर एकमत होते! आणि तो आकडा तपासण्यात दोघांनाही रस नसतो.

७ सप्टेंबर १९४८ रोजी पंडित नेहरूंनी रझाकारांवर बंदी घालण्याची आणि भारतीय सैन्य पुन्हा सिकंदराबादेत ठेवू देण्याची मागणी जाहीरपणे केली. १३ सप्टेंबरला सैन्य आत शिरले. सोलापूरहून निघालेली मुख्य फौज पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली; आजीने पाहिलेले रणगाडे ते हेच. नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरींकडे होते, चिलखती डिव्हिजन होती, विमाने होती, लष्करी सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. पाच दिवसांत निजामाने शरणागती जाहीर केली. एवढ्या दिवस ज्या बळाचे वर्णन ऐकले ते कोठे गेले, असा प्रश्न कोणालाही पडावा.

मग याला ‘पोलीस कारवाई’ का म्हणायचे? कारण हैदराबादने आपले गाऱ्हाणे सुरक्षा परिषदेत नेले होते आणि १६ सप्टेंबरला ते तेथे चर्चेस आले. युद्ध दोन राष्ट्रांत होते. पोलीस मात्र आपल्याच घरात जातात. भारताचे म्हणणे होते की हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे. एका शब्दात सारा खटला मांडला गेला. माझ्या मते तो खटला न्याय्य होता. ज्या निजामाला उभे वर्ष जुलमी म्हटले, त्यालाच पुढे १९५० साली राजप्रमुख केले, ही गोष्ट वेगळी.

इराकचे उदाहरण येथे आठवते. २००३ साली (आमच्यातले बहुतेक तेव्हा जन्मलेलेही नव्हते) तेथे हान्स ब्लिक्स यांच्या हाताखालचे शस्त्रतपासनीस प्रत्यक्ष काम करीत होते आणि आणखी मुदत मागत होते. ५ फेब्रुवारीला कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत छायाचित्रे दाखवली, २० मार्चला हल्ला झाला, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी तो झाला त्यांचे साठे सापडलेच नाहीत. म्हणजे हैदराबादेत तपासनीस नव्हता. इराकमध्ये होता, पण त्याला थांबायला कोणी तयार नव्हते. भाषा मात्र दोन्हीकडे सारखीच. भाषणे शेजारी शेजारी ठेवली तर कोणता धोका खरा आणि कोणता फुगवलेला, हे नुसत्या शब्दांवरून मला ओळखता आले नसते.

‘पोलीस कारवाई’ या शब्दाने आणखी एक काम केले. युद्धात मेलेल्यांची मोजदाद ठेवावी लागते. पोलीस कारवाईत तशी गरज भासत नाही. शरणागतीनंतर संस्थानात मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीस पाठवले. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, नमूद केले. हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. सामान्य वाचकाच्या तो हाती लागला २०१३ साली, दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात.

आजी पूर्वीपासून एका पिंजाऱ्याची आठवण सांगते. दर दिवाळीआधी तो त्यांच्या गाद्या पिंजून द्यायचा. रझाकारांत तो कधी नव्हता. कडब्याची गंज पेटली तेव्हा विझवायला आला होता. ‘ॲक्शन’नंतर तो दिसला नाही. मी तिला अहवालातला आकडा आणि जिल्ह्याचे नाव वाचून दाखवले. तिने पुन्हा एकदा जिल्हा विचारून घेतला आणि म्हणाली, “मग त्येच्यात आमचा पिंजारी आला.”